बायकोच्या चपला उचलणारा

होय, बायकोच्या चपला मी उचलल्या. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या उचलल्या आणि हातात धरून उभा राहिलो. आमच्या गल्लीतलं कुणी जुनं माणूस भेटलं की आजही हा विषय काढतं आणि गालातल्या गालात हसतं. त्याला वाटतं, मी खाली मान घालीन. मी घालत नाही. उलट त्याला बसवून घेतो, चहा सांगतो आणि त्यानं अर्धवट ऐकलेली हकीकत पुरती ऐकवतो. बऱ्याच जणांना चहा संपायच्या आतच काहीतरी काम आठवतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. सोलापुरात माझं टेलरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली, दोन मशिनी आणि एक कोळशाची इस्त्री. मागं आम्ही राहायचो. वडील मिलमधून जॉबर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर हाताखाली माणसं वागवलेली, त्यामुळं घरातही ते बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी रीत पडली होती. बायको झेडपीच्या शाळेत मास्तरीण. शाळा शहराला लागून असलेल्या गावात, बस जवळजवळ दारापर्यंत जायची. म्हणून तिच्या नोकरीबद्दल वडिलांचं काही म्हणणं नव्हतं.

मग तिची बदली झाली. नवं गाव असं की रेल्वेनं होटगी स्टेशनला उतरायचं आणि तिथून शेतातल्या वाटेनं तासाभराहून जास्त चालायचं. संध्याकाळी तेवढंच परत. वडिलांनी हुकूम ऐकला आणि जेवणाच्या पाटावरच निकाल दिला.

"बाईमाणसानं रोज एवढं चालायचं? व्हायचं न्हाय. आठ दिवसांत अंथरूण धरंल. राजीनामा दे म्हणावं."

'म्हणावं' कारण सुनेशी ते थेट बोलत नसत, माझ्यामार्फत बोलत. ती दाराआड उभी होती. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.

त्याच आठवड्यात चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं. एका जुन्या तालमीचं मंडळ होतं, ते गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या रविवारी अक्कलकोट ते सोलापूर अशी चालण्याची शर्यत घ्यायचं. एकट्यादुकट्याची नव्हे, चौघांच्या संघाची. चौघांनी बरोबर निघायचं, बरोबर पोचायचं, दिवेलागणीच्या आत. एकजण बसला की चौघे बाद. त्या वर्षी पहिल्यांदाच खाली लिहिलं होतं, 'महिलांचा संघ आल्यास घेऊ.' घेऊ, म्हणजे उपकार करू, अशा थाटात.

मी घरी येऊन हे सहज सांगितलं. वडील पोटभर हसले.

"अक्कलकोटापास्नं? आरं, ती देवळाला निघाली तर टांगा बघती की! ती जर अक्कलकोटापास्नं चालत आली ना, तर खुशाल कर म्हणावं नोकरी. मी एक शब्द बोलणार न्हाय."

दाराआडून आवाज आला, "खरंच का, मामा?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासऱ्यांना तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. वडील क्षणभर गांगरले. पण शब्द दिला की फिरवायचा नाही, ही त्यांची घमेंड होती आणि ती गल्लीभर ठाऊक होती. "खरं," ते म्हणाले.

शर्यत रविवारी होती आणि नव्या शाळेत रुजू व्हायचं सोमवारी. आता तिच्या नोकरीचं सगळं त्या एका रविवारवर येऊन ठेपलं.

तिनं तीन मास्तरणी जमवल्या. एक उर्दू शाळेतली, बुटकी आणि झपझप चालणारी. एक कन्नड शाळेतली, तिचं माहेरच अक्कलकोटचं. तिसरी वयानं सगळ्यांत मोठी, विधवा, कमी बोलायची आणि हसायची त्याहून कमी. चौघी पहाटे तलावाच्या काठानं फेऱ्या मारायला लागल्या. मी बायकोच्या परकराचा घेर वाढवून दिला, ढांग मोठी पडावी म्हणून. आतली शिवण उलटी घातली, घासू नये म्हणून. बाकीच्या तिघींनीही आपापले परकर आणून टाकले. माझ्या दुकानात बायकांचे परकर लटकलेले बघून पहिलं हसू तिथंच झालं. म्हटलं, हसा.

आता यात माझं काम काय होतं ते सांगतो, कारण लोकांना तेच कळत नाही. प्रत्येक संघाबरोबर एक गाडी आणि दोन माणसं लागायची. मंडळ त्यांना 'मदत पथक' म्हणायचं. लोक म्हणायचे 'गाडीवाले'. वाटेत ठरावीक थांबे होते. चालणाऱ्याला गाडीवाल्यांनी काय द्यायचं ते थांब्यावरच द्यायचं, वाटेत चालता चालता नाही. पाणी, लिंबू, खाणं, कोरडे मोजे, दुसरं पायताण आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाय. पुरुषांच्या संघांबरोबर तालमीतले मालीशवाले असायचे. संघ थांब्यावर टेकला की ते पाय मांडीवर घ्यायचे, रगडायचे, फोड बघायचे, पट्टी बांधायचे. शर्यत अर्धी चालणाऱ्याच्या दमावर आणि अर्धी त्या मांडीवर जिंकली जायची. हे मी मागच्या वर्षी डोळ्यांनी बघितलं होतं.

बायकांच्या संघाचं काय करायचं, यावर मंडळाची बैठक बसली. त्यातले एक पोक्त गृहस्थ मला बोलावून म्हणाले, "बायकांच्या गाडीत परके पुरुष नकोत. लोक नावं ठेवतील. नुसत्या बायकाही नकोत, वाटेत काही झालं तर? घरचीच पुरुष माणसं द्या. नवरे असतील तर उत्तम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की दुनियेत त्या बायकांच्या पायांना हात लावायची ज्यांना सक्त बंदी, असे पुरुष म्हणजे नवरे. वैद्य चालतो, कासार हात धरतो, चपला करणारा पावलाचं माप घेतो. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला की पाप. तेही नवऱ्याला नाही, बायकोला.

मला हे आधी कळायला हवं होतं, कारण सरावाच्या दिवसांत एकदा ती लंगडत आली होती. मी तिला मशिनीच्या स्टुलावर बसवलं आणि पाय बघायला खाली बसलो. तिनं पाय असा ओढला की स्टूल पडलं.

"अहो, काय करताय? मला पाप लागंल!"

"कसलं पाप? विजारीचं माप घेताना दिवसाकाठी पाच-सहा जणांच्या पायाशी बसतो की मी."

"ती गिऱ्हाइकं आहेत," ती म्हणाली आणि पायावर पदर ओढून घेतला.

गाडीवाले ठरवायची वेळ आली तेव्हा कन्नड मास्तरणीच्या नवऱ्याला ऐनवेळी सर्दी झाली. एवढी सर्दी मी जन्मात बघितली नाही. शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी बरी झाली. राहिलो मी आणि उर्दू मास्तरणीचा नवरा. त्याचा मालवाहू टेंपो होता, मोंढ्यातली पोती वाहायचा. मी त्याला विचारायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. तो चाक खोलत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "गाडी मेरी, बीवी मेरी. हसनेवाले कू हसने देव. उनका क्या खर्च होता?" तिथून पुढं तो मला सख्ख्या भावाच्या ठिकाणी.

वडील मात्र आदल्या दिवशीपर्यंत मुकाट होते. शनिवारी संध्याकाळी मी पिशवी भरत होतो. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. लिंबं, मीठ, गूळ, फडकी. तिचे नवे कॅनव्हासचे बूट ती घालून चालणार होती, म्हणून जुन्या चपला मी पिशवीत ठेवल्या. वडील तेवढ्यात आले.

"तिच्या चपला तू नेणार?"

"नेणार."

"माझ्या पोटी जन्मून बायकोची पायताणं वाहणार तू."

"बूट चावले तर काय घालेल ती?"

"मग घरी बसू दे की," ते म्हणाले आणि बाहेर बाजेवर जाऊन बसले. मला तेव्हा राग आला तो आजही गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

रविवारी उजाडायच्या सुमारास अक्कलकोटहून सगळे संघ सुटले. पुरुषांचे संघ शिट्ट्या आणि घोषणांत गेले. आमच्या चौघी मागून, आवाज न करता. थंडी होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, हुरड्याचे दिवस. गाडीवाल्याचं काम बघणाऱ्याला वाटतं आरामाचं. टेंपो काही पायी चालीनं चालत नाही, इंजिन तापतं. म्हणून पुढं जायचं, थांब्यावर उभं राहायचं आणि वाट बघायची. वाट बघणं हेच काम, आणि ते चालण्याहून अवघड आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. चालणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण चालतोय.

पहिल्या थांब्याला चौघी मजेत आल्या. लिंबूपाणी प्यायल्या, गुळाचा खडा तोंडात टाकला, निघाल्या. दुसऱ्या थांब्याला बायकोनं बूट काढून माझ्याकडे दिले. "चावतात," म्हणाली. मी चपला दिल्या, बूट उन्हात वाळायला ठेवले. तिनं माझ्याकडे पाठ करून चपला घातल्या.

इथं एक चूक झाली, आणि ती आमच्याकडचंच माणूस करणार. ऊन चढलं तसा डांबराचा रस्ता तापायला लागला. आम्हा लोकांची जन्माची सवय, डांबर तापलं की कडेच्या मातीत उतरायचं. माती गार, पायाला मऊ. बूट असते तर प्रश्न नव्हता. पण बाभळीची कुंपणं रस्त्याला लागून, आणि शेतकऱ्यांनी नुकतीच छाटलेली. मातीत काटे पसरलेले. जुन्या चपलेचा झिजलेला तळ. वळसंगच्या अलीकडं कुठंतरी तिच्या उजव्या टाचेत काटा शिरला आणि आतच मोडला.

ती कुणाला बोलली नाही. वळसंगच्या थांब्यावर आली तेव्हा चेहरा घामानं नुसता निथळत होता. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. ऊन आहे."

"पाय दाखव."

"पायाला काय झालंय?" असं म्हणून ती तिथल्या कट्ट्यावर पाय पोटाशी घेऊन, वरून पातळ ओढून बसली. विधवा बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि "मी बघू का गं?" म्हटलं. त्यांनाही तिनं नाहीच म्हटलं. नंतर तिनं मला कारण सांगितलं. बाईंना काटा दाखवला असता तर त्यांचा चष्मा घरी, त्यांनी मलाच हाक मारली असती. सुईवर माझा हात बसलेला हे चौघींना माहीत होतं. म्हणून तिनं ठरवलं, दाखवायचंच नाही. काटा सहन करायचा, पण नवऱ्याचा हात पायाला लागू द्यायचा नाही. शर्यत घालवायला निघाली होती बाई, नोकरी घालवायला निघाली होती, त्या पापाच्या भीतीनं.

वळसंग ते कुंभारी त्या चालल्या कशा, ते मी बघितलं नाही. आम्ही पुढं कुंभारीच्या स्टँडवर थांबलो होतो. पुरुषांचे संघ येऊन गेले. मालीशवाले रगडारगड करून निघून गेले. ऊन कलायला लागलं तरी आमच्या चौघी दिसेनात. टेंपोवाला दर थोड्या वेळानं टपावर चढून बघायचा आणि उतरायचा. तेवढ्यात मंडळाची जीप आली. बैठकीतले तेच पोक्त गृहस्थ त्यात होते. उतरून मला म्हणाले, "तुमच्या मंडळी मागं राहिल्यात. एक तर लंगडतेय. मी म्हटलं बसा जीपमध्ये, तर बसायला तयार नाहीत. तुम्ही नवरा आहात, तुम्ही सांगा. बायकांनी एवढं केलं, पुष्कळ झालं."

"लंगडतेय ती कोण?"

"तुमचीच."

"मग ती ठरवेल," मी म्हटलं.

त्या आल्या तेव्हा विधवा बाई आणि उर्दू मास्तरीण तिच्या दोन बाजूंना होत्या, पण हात लावलेला नव्हता. चालताना आधार द्यायचा नाही असा नियम होता आणि त्यांनी तो पाळला होता. ती उजवा पाय चवड्यावर टाकत होती. स्टँडवर ही गर्दी. रविवार, गावची माणसं, सोलापूरची बस धरायला आलेली माणसं, पानपट्टीवरची नेहमीची टोळी. आणि त्या सगळ्यांत आमच्या वडिलांच्या मिलमधला एक जुना सोबती, सायकल घेऊन उभा. मी त्याला बघितलं, त्यानं मला बघितलं.

ती हॉटेलच्या बाकड्यावर बसली. मी समोर गेलो.

"पाय दे."

"नको."

"काटा आहे ना?"

तिनं पाय आणखी आत ओढला. डोळ्यांत पाणी होतं. ते दुखण्याचं होतं की भीतीचं, मी विचारलं नाही. मी म्हटलं, "हे बघ, इथून सोलापूर फार नाही. पण असं चवड्यावर दिवेलागणीपर्यंत पोचणार नाहीस. तू बसलीस की या तिघीही बसल्या. आणि उद्या होटगीची गाडी तुझ्याशिवाय जाणार."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. लोकांना सांगायला काहीतरी लागतंच."

मी खाली बसलो. धुळीत, मांडी घालून, जसा दुकानात काजं करायला बसतो तसा. तिची चप्पल काढून बाजूला ठेवली आणि तिचं उजवं पाऊल उचलून माझ्या मांडीवर घेतलं. तिनं एकदा ओढलं. मी सोडलं नाही. मग तिनं पदर तोंडात धरला आणि ओढायचं थांबवलं.

कॉलरमध्ये सुई असतेच माझ्या. हॉटेलवाल्याच्या स्टोव्हवर तापवून घेतली. पानपट्टीवरून आवाज आला, "काय बे टेलर, बायकोच्या पायाचं माप घेलालास का?" आणि सगळं स्टँड हसलं.

मी वर बघितलं. तो माझं गिऱ्हाईक होता. अंगातली विजार मीच शिवलेली. मी म्हटलं, "ही विजार बेतली तेव्हा तुझ्या पायाशी असाच बसलो होतो. तेव्हा हसला नाहीस. आज हसायचं तर विजार काढून दे आणि हस."

हसू त्याच्याकडं वळलं. टेंपोवाल्यानं मोका साधून मोठ्यानं सांगितलं, "चलो, आगे बढो, हवा आने देव!" आणि माझ्याभोवती असा उभा राहिला की निम्म्या लोकांना काही दिसेना. मी टाच दाबली, कातडं उचललं, काट्याचं टोक शोधलं. बाभळीचा काटा, पुरता काळा पडलेला, चांगलाच खोल. निघाला तसा तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. हॉटेलवाल्याच्या बायकोनं न मागता हळद आणून दिली. हळद भरली, फडकं बांधलं, वरून वाळलेला मोजा आणि बूट चढवला. नाडी मीच बांधली. एवढं केलं तर नाडीला का लाजायचं?

मग मी तिच्या चपला उचलल्या. पिशवी टेंपोत होती. चपला हातात धरून मी स्टँडच्या मधोमध उभा राहिलो आणि चौघी निघून वळणाआड जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. जीपमधले गृहस्थ बघत होते. वडिलांचा सोबती सायकलवर टांग टाकून सोलापूरच्या दिशेनं सुटला होता. तो कुठं चाललाय हे मला चांगलं माहीत होतं. जा म्हटलं, सांग.

शर्यत संपायची होती त्या मैदानावर आम्ही टेंपो लावून उभे होतो. पहिले आलेले संघ केव्हाच हार घालून फोटो काढून बसले होते. गाडीवाल्यांना फोटोत कुणी बोलावलं नव्हतं, कधी बोलावत नसत. सूर्य मिलच्या चिमणीमागं गेला. मंडळाचा माणूस पेट्रोमॅक्सला हवा भरायला बसला. तो पेटला की शर्यत बंद. टेंपोवाला त्याच्याजवळ जाऊन त्याला बिडी देऊन गप्पा मारत बसला, आणि बिडी ओढता ओढता त्या माणसाचा हवा भरायचा वेग बराच कमी झाला. याला कुणी लबाडी म्हणेल. मी त्याला मदत पथक म्हणतो.

चौघी एका ओळीत आल्या. बुटकी, कन्नड मास्तरीण, बाई आणि ती. पेट्रोमॅक्स अजून पेटला नव्हता. कन्नड मास्तरीण मातीत बसून मोठ्यानं रडली. कधी न हसणाऱ्या बाई हसल्या. पुरुषांच्या संघांकडच्या मालीशवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या. आधी मालीशवाल्यांनी, हे मी विसरणार नाही.

टेंपोनं आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. बातमी आमच्या आधी पोचलेली. दारादारांत माणसं उभी. वडील घरासमोर बाजेवर बसलेले, तो सोबती शेजारी. आई उंबऱ्यात. बायको माझ्या मागं नव्हती, बरोबर होती. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती की रीत आठवून मागं राहावं.

वडील माझ्याकडं बघून बोलले. "पोचली म्हणं."

"पोचली. वेळेत."

"पोचली असंल. पर ती चालली कुटं? नवऱ्यानं भर स्टँडवर पाय मांडीवर घेतला, तवा आली. चालत आली तर, असा माझा शब्द हुता. ह्येला चालणं म्हणत न्हाईत. राजीनामा लिहून दे म्हणावं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर साठवलेलं सगळं तोंडाशी आलं. मी पाऊल पुढं टाकलं, आणि तिनं माझ्या बाहीला धरून मला थांबवलं. सगळ्या गल्लीसमोर. मग ती बाजेपाशी गेली. सासऱ्यांसमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "पाय ह्यांनी धरला. चालले मी."

एवढंच. आवाजही चढवला नाही. वर्गात एखाद्या पोराला समजावून सांगावं तशी बोलली.

वडील तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, पायांकडं बघत होते. पायांवर घोट्यापर्यंत माती. उजव्या बुटातून हळदीचं फडकं वर आलेलं. सोबती काहीतरी बोलायला गेला, वडिलांनी हातानं त्याला गप्प केलं.

"सकाळची गाडी कितीला हाय?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"सहाला."

"मग जेवून झोप जा," असं म्हणून ते उठले आणि बाज आत घेऊन गेले.

लोक मला विचारतात, तुला वाईट नाही वाटलं? एवढं हसं करून घेतलंस आणि तिनं सगळ्यांसमोर अर्ध्या वाक्यात तुला बाजूला केलं. अरे, कशाचं वाईट? त्या अर्ध्या वाक्यात माझं सगळं काम आलं. पाय धरायचा आणि मग सोडायचा. धरून ठेवणाऱ्याला मदतनीस म्हणत नाहीत. माझ्या कामाची इतकी नेमकी कदर आयुष्यात दुसऱ्या कुणी केली नाही, आणि मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आहेत.

वडिलांनी तिला दिलेला शब्द पाळला. माझ्याशी मात्र कित्येक महिने बोलले नाहीत, आणि त्या दिवाळीला सदरा माझ्याकडून शिवून घेतला नाही. ज्या हातांनी बायकोचा पाय धरला त्या हातांचं अंगावर नको, असं आईजवळ म्हणाले. तयार सदरा आणला, तो खांद्यात ढगळ. मला रोज दिसायचा आणि हात शिवशिवायचे. पण मी त्याला एक टाका घातला नाही. त्यांनीही मागितला नाही. दोघेही एकाच रक्ताचे.

पण हे पुढचं. सोमवारी पहाटे मी तिला सायकलवर डबलसीट स्टेशनला नेलं. टाच दुखत होतीच. फलाटावर ती बूट घालून उभी, हातात डबा. गाडी आली, चढली, खिडकीशी बसली. मी म्हटलं, "संध्याकाळी न्यायला येऊ?" ती म्हणाली, "कशाला? येईन की मी." गाडी होटगीकडं निघून गेली.

परत येताना तिच्या जुन्या चपला माझ्याजवळ होत्या. तळ बदलून आणा, असं तिनं घरातून निघतानाच सांगितलं होतं. चौकातल्या हॉटेलावर सकाळची मंडळी जमली होती, काल गल्लीत दारादारांत उभी होती तीच. मला लांबूनच बघून त्यांनी एकमेकांना कोपरानं डिवचलं. चपला मी सायकलच्या हँडलला अडकवल्या होत्या, एक इकडं, एक तिकडं. कॅरेजला पिशवी होती. पण पिशवीत घातल्या नाहीत.